सरकार बदलते, कचेरी राहते

सत्तांतर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मिरवणुका, हार आणि शपथविधी येतात. कचेरी कुणाला आठवत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. पण त्यानंतरच्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाची नोंद कुणी केली? जमिनीचे दस्त कुणी लिहिले? इस्पितळात औषध कुणी दिले? बहुतेक ठिकाणी त्याच माणसांनी, जी महिन्याभरापूर्वी सालाझारच्या सरकारची चाकरी करीत होती.

ही माणसे कोण होती, ते नीट समजून घेतले पाहिजे. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना सरकारी नोकरीची दारे मोकळी झाली. जुन्या काबिजादीतील आणि नव्या काबिजादीतील कितीतरी घरांत त्यानंतर पोर्तुगीज शिकून कचेरीत चिकटलेला एखादा तरी माणूस असे. पुढे सालाझारची हुकूमशाही आली. त्या राजवटीला तटस्थ नोकर नकोच होता. पोर्तुगालात १९३६ साली कायदा झाला, की सरकारी नोकरीत शिरणाऱ्याने १९३३च्या संविधानाची समाजव्यवस्था आपल्याला मान्य आहे आणि साम्यवादासह सर्व 'विध्वंसक' विचारांना आपला विरोध आहे, असे लेखी द्यायचे. नोकराचे काम पुरेसे नव्हते, त्याचे मनही सरकारला हवे होते.

आमच्या वाड्यावर फाजेंदीत कारकुनी केलेले एक आजोबा होते. मुक्तीनंतर चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना इंग्रजी शिकावे लागले. आयुष्यभर पोर्तुगीजमध्ये टिपणे लिहिणारा हात नव्या भाषेत अडखळे, आणि हाताखालची तरुण पोरे हसत. त्यांना 'पाखल्यांचा माणूस' म्हणणारेही गावात होते. ते उलट उत्तर देत नसत. एकदाच मला म्हणाले होते, "बाबा, कागद लोकांचे होते. मी ते सांभाळले." सरकारी नोकर राजवटीचा की लोकांचा, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला कुठल्या ग्रंथात सापडलेले नाही.

भारत सरकारनेही जवळपास हेच उत्तर दिले. जनरल कँडेथ यांचा लष्करी अंमल जून १९६२पर्यंत होता. त्याआधीच मार्च १९६२मध्ये संसदेने गोवा, दमण आणि दीवच्या प्रशासनाचा कायदा केला. जुने न्यायाधीश, जुने अधिकारी आणि जुने कायदे पुढील तरतूद होईपर्यंत चालू राहतील, असे त्यात स्पष्ट होते. पोर्तुगीज प्रशासनातून आपल्याकडे आलेल्यांच्या सेवाशर्ती ठरवण्यासाठी १९६५ साली वेगळा कायदा झाला. 'अ‍ॅबसॉर्ब्ड एम्प्लॉईज' हा शब्द तेव्हापासून आपल्याकडच्या कचेऱ्यांत रुळला. राजवट बदलली म्हणून सरसकट हकालपट्टी झाली नाही. ज्यांनी तुरुंग भोगला त्या स्वातंत्र्यसैनिकांना हे पचणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. तरीही निर्णय बरोबर होता असे मला वाटते. नाहीतर नव्या सरकारचा पहिला धडा सूडाचा झाला असता.

खरी कसोटी मात्र पुढेच होती, आणि ती परक्यांच्या नव्हे, आपल्याच राज्यात लागली.

डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि २० डिसेंबरला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मगोची प्रमुख मागणी होती गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची. युनायटेड गोवन्सचे डॉ. जॅक सिक्वेरा विरोधात ठाम उभे होते. आता त्या वेळची कचेरी पाहा. एका टेबलावर पोर्तुगीज अमदानीतील जुना कारकून, दुसऱ्यावर बाहेरून, विशेषतः महाराष्ट्रातून आलेला अधिकारी. त्याला म्हणायचे 'डेप्युटेशनवाला'. हा शब्द त्या काळी शिवीसारखाही वापरला गेला.

आम्हा मराठीप्रेमींना ही गोष्ट ऐकायला आवडत नाही, पण ती सांगितली पाहिजे. गावोगावी मराठी शाळा उभ्या राहिल्या, प्रशासनाला नवी घडी बसली, त्यात या बाहेरून आलेल्या माणसांचाही वाटा होता. परंतु विरोधकांची तक्रारही पोकळ नव्हती. ज्या राज्यात गोवा विलीन व्हायचा की नाही हाच वाद होता, त्याच राज्याचा अधिकारी इथे कारभार पाहत होता. तो कितीही सचोटीचा असला तरी समोरच्याच्या मनात शंका राहणारच. नोकर निःपक्ष असून भागत नाही, तो तसा दिसावाही लागतो.

मग जनमत कौलाचे ठरले. विलीनीकरण हवे की केंद्रशासित प्रदेश राहायचे, हे लोकांनीच मत देऊन सांगायचे. स्वतः एका बाजूने प्रचार करणारे सरकार खुर्चीवर असताना कौल निर्मळ कसा होणार? विरोधकांनी राजीनाम्याची मागणी लावून धरली. आणि ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट आली. मामलेदार, तलाठी, पोलीस, शाळामास्तर, म्हणजे ज्यांच्या हातून मतदान पार पडायचे ती सगळी माणसे दीड महिना कोणत्याही मंत्र्याच्या हाताखाली नव्हती.

त्या वेळी नायब राज्यपाल होते के. आर. दामले. आयसीएस अधिकारी आणि आडनाव अस्सल मराठी. त्यांच्या देखरेखीखाली १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण हरले. तो निकाल कुणाला गोड लागला, कुणाला कडू, यावर साठ वर्षांनंतरही आपल्याकडे घरोघरी वाद होतात. पण तो निकाल दोन्ही बाजूंनी मानला. मार्चअखेर पुन्हा निवडणूक झाली, मगोला तीसपैकी १६ जागा मिळाल्या आणि ५ एप्रिलला भाऊसाहेब पुन्हा त्याच खुर्चीवर बसले. दामले त्याच एप्रिलमध्ये गोव्यातून गेले आणि संघ लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. नोकरभरती राजकारण्यांच्या हातात जाऊ नये म्हणून घटनेने निर्माण केलेली ती संस्था. अध्यक्षपद सोडल्यावर सरकारी नोकरी घेता येत नाही, अशी तरतूदही घटनेत आहे.

म्हणजे सहा वर्षांहूनही कमी काळात गोव्यातील एखाद्या कारकुनाने सालाझारचे सरकार, लष्करी अंमल, नायब राज्यपाल, लोकनियुक्त मंत्रिमंडळ, राष्ट्रपती राजवट आणि पुन्हा मंत्रिमंडळ एवढे धनी पाहिले. कचेरी तरली. का तरली? सगळे नोकर साधुसंत होते म्हणून नव्हे. त्यांना मते होती, जाती होत्या, नातेवाईक होते. कचेरी तरली ती दोन गोष्टींमुळे. नोकरी कायद्याने बांधलेली होती, आणि ऐन मोक्याच्या वेळी सत्ताधाऱ्यांनी आपला हात मागे घेतला.

यातली पहिली गोष्ट सरदार पटेलांनी आधीच ओळखली होती. ऑक्टोबर १९४९मध्ये घटना समितीत त्यांनी सांगितले होते, की अधिकाऱ्याला आपले मत निर्भयपणे मांडता आले पाहिजे आणि त्यासाठी त्याला सुरक्षितता हवी. कलम ३११चे संरक्षण त्याच विचारातले. पण कायदा नोकरी वाचवतो, जागा वाचवत नाही. बडतर्फ करता येत नसेल तर बदली करता येते. म्हणूनच ऑक्टोबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की अधिकाऱ्यांना पदावर किमान मुदत द्या, बदल्यांसाठी मंडळे नेमा आणि तोंडी हुकमांवर कामे चालवू नका. भरतीसाठी गोव्यातही २०१९ साली कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला.

दुसरी गोष्ट कुठल्याही कायद्यात बसत नाही. ती सत्ताधाऱ्याच्या मनात असावी लागते, आणि खरे सांगायचे तर आपल्याही. निवडणूक झाली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? कचेरीत आता 'आपला माणूस' कोण? आपला पक्ष आला तर आपले काम आधी व्हावे असे वाटते, दुसऱ्याचा आला तर तेच पक्षपाती वाटते. मंत्र्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्याच्या दारात चिठ्ठी मागायला रांगेत आपणच उभे असतो. कचेरीतला माणूस आपला नसावा, कुणाचाच नसावा, तो कागदांचा असावा, ही मागणी घेऊन त्या रांगेत कुणी उभे राहिलेले मी तरी अजून पाहिलेले नाही.