माझगावची जीप, रोहतांगचा बर्फ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बर्फ दिसतो तो रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखाली. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर सहज जातो, पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग धडधडत असतात आणि चादरी-टॉवेलांचे गठ्ठे टेम्पोत चढत असतात. याच वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. यतीन शहा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या ग्राहकांत फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई अशी नावे आली आणि टॉवेलांसाठी ओळखले जाणारे सोलापूर मोटारीच्या इंजिनातही शिरले.

कॅमशाफ्टचे ओतकाम पाहण्यासारखे असते. साच्यात जिथे कॅमचा उंचवटा येणार, तिथे आधीच लोखंडी तुकडे बसवलेले असतात. तापलेला रस त्यांना टेकला की तेवढ्याच भागातली उष्णता झपाट्याने शोषली जाते. तो भाग चटकन गोठतो आणि अतिशय कठीण होतो, बाकीचा दांडा त्या मानाने मऊ राहतो. मिनिटाला हजारो वेळा घासूनही कॅम झिजत नाही तो या गोठण्यामुळे. असा दांडा घेऊन निघालेली मोटार पुढे कोणत्या देशात, कोणत्या हिवाळ्यात धावेल, हे ओतणाऱ्याला ठाऊक नसते.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर बर्फ पडत नाही. तरीही बर्फात घातल्या जाणाऱ्या मोटारींचा भारतातला बराचसा इतिहास महाराष्ट्रातच घडला आहे: माझगाव, कांदिवली, नाशिक, शेंद्रा, रांजणगाव. चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘फोर बाय फोर’ गाडी या गावांतून बाहेर पडली. ती बनवली होती चिखलासाठी आणि खडकाळ वाटांसाठी. हिमालयात ती पोहोचली तेव्हा तिचे बळ कळले, आणि मर्यादाही.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. कैलाशचंद्र महिंद्रा तेव्हा भारत सरकारच्या खरेदी कामासाठी अमेरिकेत होते. विलिस कंपनीची जीप त्यांनी तिथे पाहिली आणि त्या गाडीचे अभियंते बार्नी रूस यांची भेट घेतली. युद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या होत्या. रस्ते कमी आणि नाले जास्त अशा देशाला हीच गाडी हवी, हे महिंद्रांनी हेरले. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये पाटीवर दुसऱ्यांदा ‘महिंद्रा’ लागले आणि १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून जीप उभ्या राहू लागल्या.

त्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असत. एकाने पुढचा ॲक्सल जोडायचा, दुसऱ्याने ‘हाय’ किंवा ‘लो’ निवडायचे. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चाले. चिखल आला की चालक पहिला दांडा ओढी. आत ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जात आणि दोघे एकाच वेगाने फिरू लागत. यातच एक पेच होता. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. जमीन मऊ असेल तर चाके थोडी घसरून हा फरक फेडून टाकतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग ताण शाफ्टवर आणि गिअरवर चढत जातो, स्टेअरिंग जड होते, टायर कुरकुरतात आणि दांडा अडकून बसतो. म्हणूनच जुन्या चालकांची शिस्त होती की चिखल संपला की दांडा परत मागे. आजच्या थारमध्येही मुळातली रचना हीच आहे.

सोलापूरकडच्या खोल काळ्या मातीत या दांड्याचा उपयोग ज्याला त्याला कळे. पाऊस पडला की ही माती पाणी पिऊन फुगते आणि वर साबणासारखा थर येतो. टायरच्या खाचा भरतात, चाक गुळगुळीत होते आणि जागच्या जागी फिरते. अशा वेळी चारही चाकांवर ओढ वाटली गेली की एकेका चाकावरचा भार कमी होतो आणि गाडी सावकाश पुढे सरकते. मात्र गावोगाव दिसणाऱ्या जीपगाड्या सगळ्या अशा नव्हत्या. वडापच्या कमांडर आणि ट्रॅक्स बहुतेक दोन चाकांच्याच ओढीवर चालत. पुढचा ॲक्सल चालवायचा तर वजन, किंमत आणि डिझेल तिन्ही वाढणार, आणि पंधरा माणसे कोंबून तालुक्याला जायला त्याची गरज नव्हती. ‘जीप म्हणजे फोर बाय फोर’ हा समज तेव्हाही खोटाच होता.

बर्फाशी गाठ आधी सैन्याची पडली. नोव्हेंबर १९४८ मध्ये सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीत जनरल थिमय्यांनी स्टुअर्ट रणगाडे चढवले. वरचे बुरूज उतरवून ते गुपचूप श्रीनगरपार नेले होते आणि मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून त्यांना रस्ता करून दिला होता. पुढे ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि ट्रकचा मोर्चा एकेका खिंडीकडे वळला. चारही चाकांना ओढ असलेला लष्करी ट्रकसुद्धा बर्फात टायरला साखळी बांधूनच जातो. फौजेत तिला ‘नॉन-स्किड चेन’ म्हणतात. ट्रान्सफर केस असताना साखळी कशाला, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

साखळी या सगळ्यांत वयाने मोठी. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये टायरच्या साखळीचे पेटंट घेतले. चार चाकांना ओढ असलेली स्पायकर ही डच मोटार १९०३ मध्ये तयार झाली होती खरी, पण हिवाळ्यात लोकांनी साखळीच जवळ केली. फिनलंडमध्ये, पुढे नोकियन नावाने ओळखल्या गेलेल्या कारखान्याने, १९३४ मध्ये बर्फासाठी खास टायर काढला, तो मुख्यतः ट्रकसाठी. दोन वर्षांनी मोटारींसाठी ‘हक्कापेलीटा’ आला. थंडीत कडक न होणारे मऊ रबर आणि बर्फाला चावा घेणाऱ्या खाचा, ही वाट तिथून रुळली.

ओढीची बाजू जपानने पुढे नेली. ईशान्य जपानच्या तोहोकू भागात विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्यांना हिवाळ्यात डोंगरावर जायला जीप लागे. ती उघडी आणि गारठवणारी, म्हणून वीज कंपनीला बंद मोटारीसारखी पण चार चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. सुबारूने आधी काही गाड्या तशा करून दिल्या आणि १९७२ मध्ये लिओनी ही स्टेशन वॅगन बाजारात आणली. जर्मनीत ऑडीने १९८० मध्ये क्वाट्रो आणली; पुढच्या-मागच्या चाकांत कायम फरक सांभाळणारे डिफरेन्शियल असल्याने ती कोरड्या डांबरावरही चारही चाकांनी चाले.

या दोन्हींच्या आधी, १९६६ मध्ये, इंग्लंडमधली जेन्सन एफएफ येऊन गेली होती. तिची ओढ मुळात हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीची. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे हे नाव आपल्या शेतकऱ्यांना परके नाही. फर्ग्युसनच्या अभियंत्यांनी गाडीला नुसती चार चाकांची ओढ दिली नाही. विमानांत वापरली जाणारी डनलॉपची मॅक्सरेट ही चाक जखडू न देणारी ब्रेक यंत्रणाही सोबत बसवली. महागडी असल्याने जेमतेम ३२० गाड्या बनल्या. निघण्याचे बळ वाढवले की थांबण्याचीही सोय बघावी लागते, हे त्यांच्या आराखड्यातच होते.

कारण ब्रेक तर साध्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. इंजिनाची ओढ किती चाकांना आहे, याने ब्रेक दाबल्यावर फरक पडत नाही. तिथे टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षणच कामाला येते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ आणि काचेसारख्या थरावर ०.१ इतका खाली येतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यानंतर डांबरावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर तिला ३१ मीटर लागतात आणि गोठलेल्या थरावर ६३. शून्याच्या आसपास तापमान असेल तर बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि अवस्था आणखी बिघडते. दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळी डांबरावर पारदर्शक गोठते, तेव्हा रस्ता नुसता ओला दिसतो. फोर बाय फोर तिथूनही सहज निघते, आणि चालकाला वाटते रस्ता बरा आहे. दोनच चाकांना ओढ असलेली गाडी निदान सुरुवातीलाच घसरून इशारा देते.

दरम्यान महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या वसाहतींत मोटारी बनू लागल्या. नाशिकच्या सातपूरला महिंद्रा आली. औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाची यती जोडली जाऊ लागली, हिममानवाचे नाव मिरवणारी. तिथेच ऑडीच्या क्वाट्रो गाड्याही. लँड रोव्हरची मालकी २००८ मध्ये टाटांकडे आली आणि काही वर्षांत पुण्यात तिची जोडणी सुरू झाली. पुणे जिल्ह्यात रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनू लागली. तिच्या फोर बाय फोर गाडीत ‘स्नो’ लिहिलेले बटण असते, आणि शिरूर तालुक्यातून निघालेल्या गाड्या ब्रिटन, जपानला रवाना होत. हे बटण ओढ बेताने सोडते, चाक फिरू लागले की लगाम घालते. माझगावच्या जीपमध्ये हे काम चालकाचा पाय करी: दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला जेमतेम टेकवून, झटका न देता गाडी काढायची.

मग ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. त्याच्या आदल्याच दिवशी महिंद्राची नवी थार बाजारात आली. हा योगायोग हिमाचलच्या पोलिसांना चांगलाच महागात पडला. पूर्वी ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद, म्हणून मैदानातला पर्यटक पलीकडे जातच नसे. आता तो नाताळच्या सुट्टीत लाहौलमध्ये पोहोचू लागला, त्यात एमएच पासिंगच्या गाड्याही आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये वाहतूक कोंडी टाळायला एकाने थार थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. ती पार झाली, चित्रफीत देशभर फिरली आणि लाहौल-स्पिती पोलिसांनी चलान फाडले. पुढच्या डिसेंबरात सोलंग ते बोगदा या टप्प्यात बर्फात शेकडो गाड्या अडकल्या. उतारावरून आडव्या सरकणाऱ्यांत फोर बाय फोरही होत्या.

बर्फ पडला की सोलंग नाल्याच्या पुढे फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाडीलाच सोडायचे, असा तिथल्या पोलिसांचा रिवाज झाला आहे. डोंगरातले टॅक्सीवाले मात्र या दोन्हींत निवड करत नाहीत. ओढ असली तरी डिकीत साखळी ठेवतात, चढावर मध्येच थांबत नाहीत आणि पुढची गाडी वळणापार गेल्याशिवाय मागून निघत नाहीत. उतरताना ‘लो’ टाकतात. तेव्हा इंजिनाचा रोध जखडलेल्या शाफ्टमधून चारही चाकांवर सारखा पोहोचतो आणि ब्रेकला जवळजवळ हात लावावा लागत नाही. गाडी आवरण्यात फोर बाय फोरचा खरा फायदा असेल तर तो इथे, आणि तोही चालण्याच्या वेगात. बोगद्याच्या तोंडाशी आले की साखळी उतरवायची आणि दांडा परत ‘टू एच’वर, म्हणजे दोन चाकांच्या ओढीवर आणायचा, कारण आत रस्ता कोरडा असतो आणि माझगावच्या जीपला लागू असलेला नियम इथेही सुटत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने थारची फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी, स्वस्त आवृत्ती आणली आणि ती हातोहात खपली. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. सोलापुरातून मनालीसाठी कोणाची थार मागून किंवा भाड्याने नेणार असाल, तर आधी दार उघडून गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा आखूड दांडा आहे का ते पाहावे, आणि तो असो वा नसो, टायरच्या मापाची साखळी सोबत घ्यावी.