काशीचे पाणी: मणिकर्णिकेच्या कुंडापासून भदैनीच्या पंपापर्यंत

वाराणसीतील मणिकर्णिका घाटावर वर्षाच्या दोन टोकांना दोन वेगळी संकटे उभी राहतात. श्रावण-भाद्रपदात गंगा पायऱ्या गिळत वर चढते, दहनाच्या जागा पाण्याखाली जातात आणि अंत्यविधी वरच्या गच्चीवर करावे लागतात. वैशाख-ज्येष्ठात तीच गंगा चिखल आणि राख मागे ठेवून दूर सरकते. शहरातील गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत पोहोचले होते. उन्हाळ्यात मात्र ते धोक्याच्या पातळीहून दहा मीटरपेक्षाही अधिक खाली असते. पुराची चर्चा देशभर होते, टंचाईची फारशी होत नाही. प्रत्यक्षात शहराच्या नळांचा मोठा आधार असलेली नदी नेमकी मागणी वाढते त्याच काळात आटते.

मराठी वाचकांना हा घाट परका नाही. बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाने १७३० मध्ये तो पक्का बांधला गेला आणि १७९१ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुनर्बांधणी केली, अशी नोंद आहे. शेजारीच शिंदे घाट आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा घाट स्वतःच्या भाराने खचला होता. घाटावरील चक्रपुष्करिणी कुंड विष्णूने आपल्या चक्राने खोदले आणि ते गंगेच्याही आधीचे आहे, अशी श्रद्धा आहे. अक्षय्य तृतीयेला मणिकर्णी देवीची मूर्ती या कुंडावर आणली जाते. दर पुरात कुंड गाळाने भरते आणि पूर ओसरल्यावर ते उपसावे लागते.

या श्रद्धेमागे जुनी जलव्यवस्थाही दडलेली आहे. काशी हे एकेकाळी कुंडे, तलाव आणि विहिरींचे शहर होते. पावसाळ्यात पाणी साठवायचे, जमिनीत मुरवायचे आणि उन्हाळ्यात विहिरींतून उपसायचे, अशी ती रीत होती. जेम्स प्रिन्सेपने १८२२ मध्ये केलेल्या शहराच्या नकाशात ही तळी ठळकपणे दिसतात. पुढे मच्छोदरीचे पाणी गंगेत काढून देण्यात आले, मैदागिनचे तळे आक्रसले आणि बेनियाच्या तलावाच्या जागी मैदान आले. गोदौलिया या गजबजलेल्या चौकाचे नाव तेथून वाहणाऱ्या ‘गोदावरी’ नावाच्या ओहळावरून पडल्याचे सांगितले जाते. ओहळ राहिला नाही, नाव राहिले.

नळ आणि दंगल

नळाचे पाणी काशीत शांतपणे आले नाही. घाटांच्या दक्षिण टोकाला, अस्सीजवळील भदैनी येथे नदीतून पाणी उचलण्याचे केंद्र उभारण्याचे ठरले. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्याने शहराची घाण पुढे वाहून जाईल, असा त्यामागचा हिशेब होता. मात्र बांधकामाच्या जागेत एक राममंदिर येत होते. ते पाडले जाणार या भीतीने एप्रिल १८९१ मध्ये जमाव रस्त्यावर उतरला. जलकेंद्राच्या यंत्रसामग्रीची मोडतोड झाली, तारघरही सुटले नाही. धान्याची महागाई आणि नव्या पाणीपट्टीची धास्ती हीदेखील या असंतोषाची कारणे होती. ‘रामहल्ला’ नावाने हा प्रसंग ओळखला जातो. तरीही १८९२ मध्ये योजना सुरू झाली.

आजही भदैनीला उचललेले पाणी भेलूपूर येथे शुद्ध होऊन शहरात जाते. मूळचा हिशेब मात्र पुढे फसला, कारण नगवा येथील नाल्याचे सांडपाणी भदैनीच्या वरच्या अंगालाच नदीला मिळू लागले. नदीचा प्रवाह क्षीण झाला की याच घाणीचे प्रमाण वाढते. म्हणजे पाण्याची तूट आणि पाण्याची अशुद्धता हे येथे दोन वेगळे प्रश्न नाहीत. २०२१ च्या मे-जून महिन्यांत घाटांवरील पाणी शेवाळाने हिरवे झाले, तेव्हा हे सर्वांनाच दिसले.

साठा नसलेले शहर

मुंबईशी तुलना केली तर वाराणसीची अडचण स्पष्ट होते. मुंबईच्या सात जलाशयांत पावसाळा संपताना किती पाणी आहे, यावरून वर्षाचे नियोजन होते. साठा घटला तर कपात जाहीर करता येते. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली, जुलैअखेर ती मागे घेण्यात आली. लातूरमध्ये २०१६ साली साठाच संपला आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वाराणसीकडे असा स्वतःचा साठाच नाही. तिचा साठा म्हणजे वाहती नदी, आणि त्या नदीचे नियंत्रण शेकडो किलोमीटर वर आहे. हरिद्वार आणि नरोरा येथे गंगेचे पाणी कालव्यांत वळते. प्रयागराजला यमुना मिळते आणि तिच्याबरोबर चंबळ, बेतवा, केन यांचे पाणी येते. काशीच्या उन्हाळी प्रवाहात या पाण्याचा वाटा मोठा आहे.

प्रवाहाची किमान मर्यादा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचित केली. नरोरा येथे ऑक्टोबर ते मे या काळात सेकंदाला २४ घनमीटर पाणी खाली सोडणे बंधनकारक ठरले. अधिक प्रवाहाच्या मागणीसाठी शंभरहून अधिक दिवस उपोषण करणारे माजी आयआयटी प्राध्यापक जी. डी. अग्रवाल यांचे ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, या निर्णयापाठोपाठ, निधन झाले. जाहीर झालेली मर्यादा त्यांच्या मागणीच्या मानाने तोकडी होती.

नदी अपुरी पडली की शहर जमिनीखाली पाहते. नलिका-विहिरी आणि हातपंप हा वाराणसीचा दुसरा आधार आहे, तर उंचावरील आणि अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत टँकर हा शेवटचा. पण उपसा वाढला की भूजल उतरते आणि हातपंप आधी कोरडे पडतात, म्हणजे झळ प्रथम गरिबांना लागते. उत्तर प्रदेशने २०१९ मध्ये भूजलविषयक कायदा केला. त्याआधी २००१ मध्ये, याच राज्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तळी ही समाजाची सामाईक संपत्ती असून ती जपली पाहिजेत, असे म्हटले होते. बुजवलेल्या तळ्यांवर आता वस्त्या आहेत. जी उरली, त्यांत दुर्गाकुंड, लक्ष्मीकुंड, पिशाचमोचन आणि मणिकर्णिकेचे ते दरवर्षी उपसले जाणारे कुंड यांचा समावेश होतो.