लेप उतरविण्याची विद्या

आषाढ-श्रावणात नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेने जाणाऱ्यास रस्त्याच्या कडेने माजलेला टाकळा दिसल्यावाचून राहत नाही. कोवळा असता त्याच्या पाल्याची भाजी होते. जून झाला की कोणी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. परंतु ह्या उपेक्षित झुडपास संस्कृत वैद्यकाने ‘दद्रुघ्न’, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे भारदस्त नाव दिले आहे, आणि त्याचे बी ताकात वाटून गजकर्णावर लावण्याचा परिपाठ जुना आहे. टाकळ्यात क्रायसोफॅनिक आम्ल नावाचे पिवळे द्रव्य असते. ह्या द्रव्याच्या एका जहाल भावंडाने एके काळी मुंबईपासून लंडनपर्यंतच्या वैद्यांचे लक्ष वेधून घेतले होते. त्याची हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, कोणते औषध लावावे ह्याची चर्चा घरोघर होते, पण लावलेले औषध कातडीवरून केव्हा व कसे उतरवावे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि ह्या हकीकतीचे सारे मर्म त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत ‘गोवा पावडर’ नावाची एक पूड गजकर्णावर रामबाण म्हणून विकली जात असे. तिचे मूळ काय, हे विकणारा सांगत नसे आणि घेणाऱ्यास ठाऊक नसे. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात ती कालवून चट्ट्यावर चोळावयाची, एवढाच विधी. १८६४ साली मुंबईचे औषधविक्रेते केंप यांनी विलायतेतील औषधिशास्त्राच्या मासिकात तिजविषयी लिहिले. पुढे १८७४ साली डॉ. जोसेफ फेरर यांनी लंडनच्या वैद्यकीय पत्रात तिची वाखाणणी केली, तेव्हा कोठे हे रहस्य फुटले. ब्राझिलातील बाहिया शहरचे डॉ. दा सिल्व्हा लिमा यांनी १८७५ साली कळविले की, तुमची ही गोव्याची पूड म्हणजे आमच्याकडील ‘अरारोबा’ होय! बाहियाच्या रानातील एका वृक्षाच्या खोडात ज्या भेगा असतात, त्यांत ही पूड साठते. ती पोर्तुगिजांच्या व्यापारमार्गाने गोव्यास आली, गोव्याहून मुंबईस गेली, आणि वाटेत आपले जन्मगाव विसरून गोव्याची म्हणून प्रसिद्ध झाली. नावावरून कुळ ओळखू नये, ते असे.

परंतु वाटेत केवळ गावच हरवले असे नाही. बाहियात हे झाड तोडणाऱ्या मजुरांस तिचा ताप पुरा माहीत होता; भुकटी उडाली की त्यांचे डोळे व चेहरा चुरचुरून लाल होत. मुंबईच्या गिऱ्हाइकास पुडी मिळाली, हा अनुभव मिळाला नाही. औषध गुप्त ठेवण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो. पण औषधाबरोबर त्याची सावधगिरीही गुप्त राहते आणि तिचा भुर्दंड रोग्यास बसतो. पूड लागलेला हात नकळत डोळ्यास लागला की डोळे सुजत, चट्ट्याभोवतालची निरोगी कातडी भाजल्यासारखी होई, आणि अंगावर व धोतरावर तपकिरी-जांभळे डाग पडत. १८७८ साली लीबरमान व झाइडलर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील मुख्य द्रव्य ओळखून त्यास ‘क्रायसारोबिन’ नाव दिले. त्याच सुमारास लंडनच्या बालमानो स्क्वायर यांनी सोरायसिसच्या खवल्यांवर त्याचे मलम वापरून पाहिले, व गुण आला. पहिल्या महायुद्धात जर्मनीस ब्राझिलचा माल मिळेना, तेव्हा तेथे कृत्रिम रीतीने त्याचा एक सोयरा तयार करण्यात आला. १९१६ साली गालेव्स्की व उन्ना यांनी प्रचारात आणलेले हे औषध आज ‘डायथ्रॅनॉल’ ह्या नावाने ओळखले जाते. गुण तोच, आणि डागही तेच.

ह्या डागांची गंमत अशी की, ते साफ करू पाहणाराच पुष्कळदा ते पक्के करतो. हे द्रव्य हवेने बदलून काळवंडते, आणि क्षार मिळाला की हा बदल फार झपाट्याने होतो. साबण क्षारधर्मी. मलम तसेच असता कढत पाणी व साबण घेऊन खसाखसा घासणारा रोगी कातडी सोलतो, आग वाढवितो, आणि न्हाणीघराच्या शुभ्र फरशीवर जांभळ्या रंगाची नक्षी मागे ठेवतो. ह्यासाठी क्रम उलटा पाहिजे. तुपट मलम तेलात विरघळते, पाण्यात नव्हे. म्हणून आधी कापसाचा बोळा गोड्या तेलात किंवा पातळ पॅराफिनात भिजवून मलम हळूच टिपून घ्यावे, आणि मग कोमट पाण्याने अंग धुवावे. पाण्यात मिसळणाऱ्या क्रीमचे असेल तर प्रथम साबणाशिवाय नुसत्या कोमट पाण्याने. हात त्याहून अगोदर, डोळ्यांस लागण्यापूर्वी.

तान्ह्या मुलाच्या मांडीला लावलेल्या जस्तयुक्त मलमासही हाच न्याय. माउली भाबडेपणाने ते पांढरे लिंपण कोरड्या फडक्याने पार निघेपर्यंत पुसते, आणि ज्या कातडीच्या रक्षणासाठी ते लावले तीच रक्तबंबाळ करते. वस्तुतः मळलेला वरचा थर तेलाने काढावा. खालचा स्वच्छ थर राहिला तर राहू द्यावा, त्यावरच नवे मलम लावता येते. दिवाळीत अंगाचे तेल डाळीच्या पिठाने किंवा उटण्याने काढण्याची आमची रीत धडधाकट कातडीस शोभते. सुजलेल्या कातडीस पिठाचे घर्षण सोसवत नाही.

‘केव्हा’ ह्या प्रश्नास मात्र फार वेळ लागला. १९५३ साली लीड्सचे डॉ. इंग्रॅम यांनी डायथ्रॅनॉल घट्ट लेपात घालून तो दिवसभर ठेवण्याची पद्धत सांगितली, व ती बरीच वर्षे प्रमाण मानली गेली. १९८० साली शेफर व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, रोगट कातडीत हे द्रव्य निरोगी कातडीपेक्षा लवकर मुरते; सबब अर्ध्या-एक तासात लेप उतरविला तरी गुण पुरेसा येतो आणि आग कमी होते. स्क्वायर यांच्या प्रयोगांपासून ह्या शोधापर्यंत शंभर वर्षे लोटली. मधल्या काळात किती रोग्यांनी आगीला व कपड्यांच्या नासाडीला कंटाळून चांगल्या औषधाचा त्याग केला असेल!

येथे आमच्यातील काही अभिमानी मंडळी सुश्रुताचे नाव घेतील. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आयुर्वेदाचे व आधुनिक वैद्यकाचे असे दोन्ही विद्यार्थी परीक्षा देतात, तेव्हा ही तुलना व्हावयाचीच. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात लेपाचे नियम दिले आहेत खरे : लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, रात्री लावू नये, एका लेपावर दुसरा चढवू नये, आणि सुकलेला लेप, पू पिळून काढण्याचा हेतू नसेल तर, अंगावर राहू देऊ नये; कारण तो निरुपयोगी होऊन उलट पीडा देतो. उतरविण्याचा विचार लावण्याच्या विचाराइतकाच महत्त्वाचा मानणारा हा ग्रंथकार खचित मोठा. तथापि शेफरचा शोध त्यास आधीच अवगत होता, असे म्हणणे सुश्रुताचा गौरव नव्हे. त्याचा नियम सुकण्याविषयीचा आहे, शेफरचा मुरण्याविषयीचा.

असो. एवढे करूनही कातडीवर तपकिरी छटा उरतेच. ती घासून काढण्याच्या नादी लागू नये. वरची कातडी आपोआप झडते तशी ती एक-दोन आठवड्यांत निघून जाते. धोतरावरची मात्र निघत नाही. आणि म्हणून हे मलम लावणाऱ्याने त्या वेळेपुरते जुनेरे नेसणे बरे.