सीसीएनए प्रशिक्षण

सीसीएनए, म्हणजे सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट, हे संगणकांचे नेटवर्क उभारणे, चालवणे आणि दुरुस्त करणे या कामाचे पहिल्या पायरीवरचे व्यावसायिक प्रमाणपत्र. लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या सिस्को कंपनीने ते १९९८ मध्ये सुरू केले. २४ फेब्रुवारी २०२० पासून त्यासाठी २००-३०१ या क्रमांकाची एकच परीक्षा आहे. ती १२० मिनिटांची असते आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. विषयांत सर्वाधिक २५ टक्के भार डेटाच्या पाकिटांना एका जाळ्यातून दुसऱ्यात वाट दाखवण्याला, म्हणजे राउटिंगला आहे. मूलतत्त्वे आणि स्विचिंग प्रत्येकी २० टक्के, सुरक्षा १५ टक्के, आणि पत्ते वाटणे, वेळ जुळवणे यांसारख्या सेवा व स्वयंचलन प्रत्येकी १० टक्के. या नोंदीत परीक्षेपेक्षा तिच्या प्रशिक्षणाचा विचार केला आहे. कारण परीक्षेची मांडणी जशी बदलत गेली तसे या व्यवसायातले सर्वांत अवघड काम, बिघाड शोधणे, परीक्षेच्या कागदावरून मागे सरकले आणि ते शिकवण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे शिकवणाऱ्यावर येऊन पडली. ती जो क्लास उचलत नाही तो विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळवून देईल, काम शिकवणार नाही.

याचा पुरावा सिस्कोच्याच इतिहासात आहे. कंपनीचे सर्वांत वरचे प्रमाणपत्र, सीसीआयई, हे सीसीएनएच्या आधीचे, १९९३ चे. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा तेव्हा दोन दिवस चाले. उमेदवाराने पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ दिलेल्या आराखड्याप्रमाणे नेटवर्क उभारण्यात घालवायची. मग त्याला बाहेर पाठवून परीक्षक ते चालू नेटवर्क मुद्दाम बिघडवत, आणि दुपारी परत आलेल्या उमेदवाराने ते ठरलेल्या वेळात पूर्ववत करायचे. २००१ मध्ये परीक्षा एका दिवसाची झाली आणि बिघाडाचा स्वतंत्र भाग गेला. २००९ मध्ये राउटिंग व स्विचिंगच्या शाखेत तो दोन तासांचा भाग म्हणून परत आणावा लागला. ज्यांनी परीक्षा बेतली त्यांनाच एक गोष्ट काढून पुन्हा ठेवावी लागते, तेव्हा नुसती उभारणी करून घेतल्याने माणसाची पूर्ण पारख होत नाही हे उघड आहे. उभारणी करताना आपण काय केले हे आपल्याला ठाऊक असते. बिघाडात दुसऱ्याने काय केले ते चिन्हांवरून ओळखायचे असते.

सीसीएनएच्या पातळीवर मात्र प्रवास उलट झाला. २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासक्रमात बहुतेक विषयांपुढे तीन अपेक्षा एकत्र लिहिलेल्या असत: मांडणी करा, तपासा आणि बिघाड दुरुस्त करा. २०२० च्या अभ्यासक्रमात त्यातली तिसरी बहुतेक ठिकाणी गळाली. वरच्या सीसीएनपी प्रमाणपत्रासाठी २०१० पासून बिघाड शोधण्याची एक वेगळी परीक्षा होती, तीही त्याच वेळी बंद झाली. पोर्ट आणि केबलमधले दोष ओळखण्याचा एक मुद्दा सीसीएनएत राहिला, पण तो एकच मुद्दा. यामागे दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. वायरलेस, सुरक्षा आणि स्वयंचलन यांना एकाच परीक्षेत जागा द्यायची तर काहीतरी कमी होणारच. ईआयजीआरपी हा सिस्कोचा स्वतःचा राउटिंग प्रोटोकॉलसुद्धा याच वेळी वगळला गेला. पण परीक्षेच्या कागदावरून एखादे कौशल्य गेले म्हणून ते सर्व्हर रूममधून जात नाही.

बिघाड शोधणे म्हणजे नेमके काय शिकणे, हे एका उदाहरणावरून नीट दिसते. दोन मजल्यांचे ऑफिस आहे. प्रत्येक मजल्यावर एक स्विच, दोघांना जोडणारी एक सामाईक जोडणी, म्हणजे ट्रंक, आणि तिच्यावरून दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर वेगळी ठेवलेली आभासी जाळी, जातात: १० क्रमांकाचे हिशेबखात्याचे आणि २० क्रमांकाचे बाकी कर्मचाऱ्यांचे. आता कॅमेऱ्यांसाठी ३० वे जोडायचे आहे. विद्यार्थ्याला कमांड पाठ असते: स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०. ती तो देतो. स्विच एक अक्षरही कुरकुर न करता ती मान्य करतो आणि वरच्या मजल्यावरचे हिशेबखाते व बाकी कर्मचारी दोघेही त्याच क्षणी तुटतात. आकड्याआधी ‘ॲड’ हा शब्द नसेल तर ही कमांड जुन्या यादीत भर घालत नाही, ती यादीच पुसून नवी लिहिते. बहुपर्यायी प्रश्नात हा फरक एका गुणाचा असतो. इथे एक अख्खा मजला बंद असतो. विद्यार्थी वरच्या स्विचमध्ये व्हीलॅन १० मधूनच दुरून शिरलेला असेल, तर त्याची स्वतःची परतीची वाटही त्याने कापलेली असते. मांडणी सेव्ह केली नसेल तर स्विच बंद करून चालू केल्यावर जुनी यादी परत येते. म्हणूनच जाणते लोक दूरच्या उपकरणावर असा बदल करण्याआधी दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय करून ठेवतात आणि काम नीट झाल्यावर ती रद्द करतात.

हाच बिघाड दुसऱ्या माणसाने करून ठेवला आहे असे धरू. तक्रार येते की वरच्या मजल्यावर इंटरनेट नाही. फक्त पाठांतर केलेला विद्यार्थी एकेका संगणकाचा आयपी पत्ता बघत बसतो, किंवा थेट राउटरकडे धावतो. ज्याला शोधाची सवय आहे तो आधी विचारतो की खाली चालते आहे का. चालते, म्हणजे राउटर आणि बाहेरची लाइन ठीक आहे. मग वरच्या दोन संगणकांतून एकमेकांना पिंग करून बघतो. उत्तर येते, म्हणजे संगणक आणि वरचा स्विचही ठीक आहे. उरतो तो मधला दुवा; तिथे ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ दिल्यावर यादीत एकटे ३० उभे दिसते. दोन प्रश्न आणि एक कमांड. यातली एकही माहिती सीसीएनएच्या पुस्तकाबाहेरची नाही. बाहेरचा आहे तो क्रम, आणि प्रत्येक उत्तराने काय काय निर्दोष ठरले हे लक्षात ठेवण्याची शिस्त. ती वाचून येत नाही.

दुसरा एक दोष याहून फसवा आहे. एका टोकाला १०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहतूक) असे हाताने पक्के केलेले असते आणि दुसरे टोक ऑटोवर असते. ऑटोवरच्या टोकाला समोरचा वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ते हाफ, म्हणजे आळीपाळीची वाहतूक, धरून चालते. दिवा हिरवा दिसतो, पिंग जाते, आणि मोठी फाइल पाठवली की सगळे रेंगाळते. हाफच्या बाजूला उशिरा झालेल्या टकरींचा आकडा वाढतो, फुलच्या बाजूला सीआरसी त्रुटींचा. तांब्याच्या गिगाबिट जोडण्यांत हा प्रकार सहसा होत नाही, पण कारखान्यांतली जुनी यंत्रे अजून १०० मेगाबिटवर आहेत. ज्याने हे आकडे हलताना एकदा पाहिले त्याला पिंग चालले म्हणजे जोडणी नीट आहे असे पुन्हा वाटत नाही.

तेव्हा प्रशिक्षणाचा निम्मा वेळ तरी मोडलेल्या नेटवर्कवर जावा. सबनेटिंगसारखी गणिते आवश्यक आहेत (स्लॅश २६ म्हणजे ६४ पत्ते, त्यांतले उपकरणांना देण्यासारखे ६२, हे तोंडावर असलेच पाहिजे), पण ती रोजच्या थोड्या सरावाने बसतात; त्यांवर आठवडेच्या आठवडे घालवण्याची पद्धत मला विद्यार्थ्यांच्या वेळेची नासाडी वाटते. प्रत्येक विषयाची लॅब उभारून झाली की शिक्षकाने, किंवा शेजारच्या विद्यार्थ्याने, तिच्यात एक दोष पेरावा आणि शोधणाऱ्याने आपण काय तपासले, त्यातून काय वगळले, हे लिहून काढावे. सिस्कोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या नेटवर्किंग अकॅडमीचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि या कामाला बऱ्यापैकी पुरते. त्यात प्रत्येक कमांड नसते, हे खरे. जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी यांत उपकरणांचे खरे सॉफ्टवेअर चालवता येते, मात्र ते परवान्यासह मिळवावे लागते. सैल बसलेला कनेक्टर किंवा वर सांगितलेला डुप्लेक्सचा दोष यांची खरी ओळख प्रत्यक्ष स्विच आणि केबल हाताळूनच होते. त्यासाठी क्लासमध्ये दोन-तीन जुने स्विच असणे पुरे आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. परीक्षेचे शुल्कच ३०० डॉलर, वर क्लासची फी. घरच्यांनी एवढे पैसे उभे केले असताना मुलाने आधी पास व्हावे, बाकीचे नोकरीत शिकेल. या म्हणण्यामागची ओढाताण खरी आहे आणि तिला कमी लेखण्याचा हक्क कोणालाच नाही. पण त्यातून निघणारा मार्ग, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांचे संच घोकणे, त्याच कुटुंबाचे नुकसान करतो. असे संच वापरणे सिस्कोच्या उमेदवार-कराराचा भंग आहे. पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. न पकडले गेले तरी मुलाखतीत प्रश्न येतो तो असा: एकाच व्हीलॅनमधले दोन संगणक बोलत नाहीत, तू आधी काय बघशील? घोकलेल्या संचात याचे उत्तर नसते. नॉव्हेल या नेटवर्क-सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमाणपत्राचा १९९० च्या दशकात जो बोलबाला होता, त्याला नुसते कागदी इंजिनिअर पुढे आल्याने बट्टा लागला. त्याची झळ खरोखर शिकलेल्यांनाही बसली. शिवाय हा सराव परीक्षेच्या आड येत नाही. ज्याने ट्रंकची यादी स्वतः शोधून दुरुस्त केली त्याला ‘ॲड’ वेगळा पाठ करावा लागत नाही.

हे सगळे एकाच कंपनीचे शिक्षण आहे, हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. कमांडची भाषा सिस्कोची आहे. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर ती तशीच चालणार नाही. पण ट्रंकवरून जाणाऱ्या फ्रेमवरची व्हीलॅनची खूण ८०२.१क्यू या खुल्या मानकाची असते, आणि ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल कोणत्याही एका कंपनीचा नाही. बिघाड या मानकांच्या वागण्यात दिसतो, म्हणून तो शोधण्याची रीत कंपनी बदलली तरी उपयोगी पडते. कमांड पाठ करणाऱ्याचेच शिक्षण एका कंपनीत अडकते.

उरतो स्वयंचलनाचा मुद्दा. ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि यंत्र-शिक्षण यांचाही उल्लेख आला आहे, आणि उद्या मांडणी सॉफ्टवेअरच करणार असेल तर हाताने शोध कशाला, असे विचारले जाते. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे: ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे जाळेच तुटले, आणि अशा कमांडला अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ती अडली नाही. दुरून शिरण्याचे मार्गही त्याच जाळ्यावर अवलंबून होते, म्हणून इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जाऊन काम करावे लागले. स्वयंचलनाने साधे बिघाड कमी होतात. जो होतो तो एकाच वेळी सगळीकडे होतो, आणि तेव्हा पायरीपायरीने विचार करणारा माणूस जास्तच लागतो.

महाराष्ट्रात या प्रशिक्षणाला भाषेची एक बाजू आहे. ही परीक्षा इंग्रजी आणि जपानी भाषांत घेतली जाते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न, पुस्तक आणि उपकरणाचा पडदा तिन्ही इंग्रजीतच भेटतात, आणि त्या ओझ्याखाली तो समजून घेण्याऐवजी वाक्ये पाठ करू लागतो. बिघाड शोधण्याचा तास मराठीत घेणे इथे फार मोलाचे ठरते. कमांड आणि तिचे उत्तर इंग्रजीत राहू द्यावे, ते तसेच ओळखीचे व्हायला हवे. पण खाली चालते आणि वर चालत नाही यावरून काय ठरले, आता कुठे बघायचे आणि का, ही चर्चा विद्यार्थ्याने ज्या भाषेत तो भांडतो त्या भाषेत, मोठ्याने, शेजाऱ्याशी वाद घालत करावी. कोणते पाऊल कशामुळे उचलले हे त्याला मराठीत सांगता आले की इंग्रजी प्रश्नातली चार वाक्ये त्याला अडवत नाहीत, आणि सांगता आले नाही तर कुठे अडले आहे ते शिक्षकाला तिथल्या तिथे कळते.