अनाथ मुलांच्या संस्थेला मत्स्यतळे देताय? आधी हा हिशेब बघा

शिरूर/दौंड : वाढदिवस, वर्षश्राद्ध किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या एखाद्या कंपनीचा सीएसआर. निमित्त काहीही असो, अनाथ मुलांच्या संस्थेला दरवर्षी धान्याची पोती देण्यापेक्षा एकदाच काहीतरी कमावते करून द्यावे, असे बऱ्याच जणांना वाटते. शेततळे खोदून त्यात मासे सोडणे हा त्यातला एक पर्याय. कल्पना चांगली आहे. मात्र तळ्यातून नक्की किती निघते, हे आधी माहीत असलेले बरे.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा केडगावचा प्रयोग

हा विचार दौंड तालुक्याला नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या बोस्टनच्या मंडळाकडून मदत येत होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने दहा वर्षे मदतीचा शब्द दिला होता. मुदत संपल्यावर काय, म्हणून रमाबाईंनी केडगावला रेल्वेजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा बेत होता. झाडे मोठी व्हायच्या आत १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी दुष्काळी भागातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना असे सगळे तिथे सुरू झाले. तरी एवढ्या तोंडांना नुसती बाग पुरणार नव्हती. देणग्या शेवटपर्यंत लागल्याच. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला १९९७ पासून सिस्टर लुसी कुरियन यांची 'माहेर' संस्था निराधार महिला आणि मुलांसाठी काम करते.

दहा गुंठ्यांच्या तळ्याचा हिशेब

समजा, पाण्याचा पसारा दहा गुंठे आहे, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. त्यात कटला, रोहू आणि मृगळ मिळून ६०० बोटुकली सोडली. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला, म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. वर्षभरात चारातले तीन मासे जगले आणि सरासरी ८०० ग्रॅमचे झाले, तर ३६० किलो माल होतो. जागेवर किलोला १२० रुपये धरले तर ४३,२०० रुपये येतात.

आता खर्च. कोंडा-पेंडीचे खाद्य किलो माशाला निदान दोन किलो लागते, म्हणजे ७२० किलो. ३५ रुपयांनी ते २५,२०० रुपये झाले. बीज, चुना, जाळेवाला आणि गाडीभाडे वजा जाता दहा-बारा हजार हातात राहिले तर राहिले. यात राखणदाराचा पगार आणि मोटारीचे वीजबिल धरलेलेच नाही. भाव आणि वजने आपल्या भागाप्रमाणे बदलून हाच हिशेब कुणालाही मांडता येईल.

तुलनेसाठी सरकारी आकडा पाहू. बाल संगोपन योजनेत २०२३ पासून एका मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला २७,०००. दहा गुंठ्यांचे तळे एका मुलाच्या योजनेइतकेही कमवून देत नाही. तळ्यावर संस्था चालेल, असे कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून कागदावर हिशेब मागावा.

तेच ३६० किलो मासे बाजारात न नेता मुलांच्या ताटात गेले तर गणित पालटते. ४० मुलांच्या वसतिगृहात प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला साधारण १७० ग्रॅम मासा येतो. काटा-डोके वजा करूनही आठवड्यातून एक चांगले कालवण होते. मासे बाजारातून घ्यायचे तर एवढे वारंवार परवडत नाहीत. अर्थात संस्था किंवा देणगीदार माळकरी असतील तर हा विषय आधीच बोलून घ्यावा. नंतर वाद नको.

पैसे कुठे अडतात

खोदाई आणि प्लॅस्टिक कागदाला देणगीदार मिळतो, कारण तिथे पाटी लागते. तिसऱ्या वर्षीच्या पेंडीला पाटी लागत नाही. म्हणून तळ्याबरोबर निदान तीन वर्षांचे बीज-खाद्य, काठाचे कुंपण आणि माणसाचा पगार देणगीत धरावा.

दुसरी अडचण पाण्याची. शिरूरच्या पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्याची मारामार असते, तिथे तळे कशाने भरणार? कालव्याखालच्या गावांतही आवर्तन लांबले की तळ्याचे पाणी आधी उसाला जाते. माशाला दीड मीटर तरी पाणी उरले पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बोटुकली सोडून कडक उन्हाळ्याआधी माल काढणे सोयीचे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला असे समजावे. खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे.

झटपट वाढतो म्हणून कुणी परदेशी मांगूर देऊ केला तर घेऊ नये. त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि असे साठे नष्ट केले जातात.

मुले आणि पाणी

कागद अंथरलेल्या तळ्याचा उतार शेवाळाने इतका गुळगुळीत होतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. राज्यात शेततळ्यात बुडून मुले गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यामुळे कुंपण आणि कुलपाचे फाटक झाल्याशिवाय तळ्यात पाणी भरू नये. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेले असावेत, काठावर हवा भरलेल्या ट्यूब असाव्यात. जाळे ओढणे, खाद्य टाकणे ही कामे मुलांची नाहीत. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणे हा गुन्हा आहे. 'मुलांना व्यवसाय शिकवतो' असे म्हणून त्यातून सुटका होत नाही.

कागदपत्रे

मुले सांभाळणाऱ्या संस्थेची बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे नोंदणी लागते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी, तिने ही भागत नाही. दोन्ही प्रमाणपत्रे पाहूनच पैसे द्यावेत आणि रोखीऐवजी बँकेतून द्यावेत. करसवलत हवी असेल तर संस्थेला ८०जी आहे का, ते विचारावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना देणगी द्यायची असेल तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. ती नसताना पैसे घेतले तर संस्थाच अडचणीत येते.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरलेले आहे. संस्थेच्या नावाने अर्ज बसतो का आणि सध्या अर्ज सुरू आहेत का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या पुणे कार्यालयात विचारून मगच खोदाईचे मशीन बोलवावे.

आईवडील गेल्यावर आजी-आजोबा किंवा चुलत्याकडे राहणाऱ्या मुलाला संस्थेत पाठवायची गरज नसते. वर सांगितलेल्या बाल संगोपन योजनेचा अर्ज त्याच्यासाठीच आहे. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात मिळतो. कुणाचाच आधार नसलेले मूल दिसले तर १०९८ या मोफत क्रमांकावर कळवावे.