जळालेल्या वनाचे मृत्तिकाशिल्प

१९५९. हवाई बेटावर किलाउएआ इकी विवराचा उद्रेक झाला. तप्त राख-खडीच्या वर्षावाने लगतचे वन होरपळले. उरले केवळ निष्पर्ण बुंधे.

याच बेटावर १९२२ मध्ये जपानी स्थलांतरितांच्या घरी जन्मलेल्या तोशिको ताकाएझू यांनी पुढे ते बुंधे भाजलेल्या मातीत उभे केले: उंच, पोकळ, फांद्यांविना.

त्यांची पात्रेही मुखबंद असत. वर केवळ हवा निसटण्यापुरते छिद्र. आत कागदात गुंडाळलेली मातीची गोळी ठेवली जाई. भट्टीत कागद जळे, गोळी खुळखुळत राही.

पाणी न धरणारे हे पात्र निरुपयोगी खरे. परंतु उपयोग सुटला, तेव्हाच कुंभारकाम शिल्प झाले. अग्नीने नेलेले वन अग्नीतूनच परतले.