दार रुंद करणारी श्रद्धा

१८८३ साली वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी पंडिता रमाबाईंना लंडनच्या फुलॅम भागातला आपला आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवून बाहेर काढलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळत होता आणि भगिनी त्यांची मायेने देखभाल करत होत्या. रमाबाई संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या होत्या, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले होते. अशा विदुषीने ख्रिस्ती धर्माची पारख करताना आधी सिद्धान्तांचा कीस काढला असता तर ते साहजिक होते. पण त्यांच्या मनाला भिडला तो एक साधा प्रश्न: या बायकांसाठी तुम्ही हे सगळे का करता? उत्तरादाखल त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय ठेवला गेला. त्यात लोकांनी दूर लोटलेल्या एका शोमरोनी स्त्रीशी येशू विहिरीच्या काठावर बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आपली चिमुकली मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी फुलॅमच्या त्या भेटीला आपल्या धर्मांतराच्या वाटेवर मानाची जागा दिली. आधी त्यांना कृती दिसली आणि तिच्यामागची श्रद्धा त्यांनी नंतर शोधली.

श्रद्धा आणि सत्कृत्ये यांचे नाते हा ख्रिस्ती धर्मविचारातला जुना वाद आहे. माणूस कर्मांनी नव्हे, देवाच्या कृपेने तरतो, असे पौल सांगतो. कर्मांवाचून श्रद्धा निर्जीव आहे, असे याकोब बजावतो. मार्टिन लूथरचा ओढा पौलाकडे इतका होता की, १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला अगदी हलके लेखले. हा वाद ग्रंथांत कधीच मिटला नाही. मात्र एखाद्या माणसाच्या आयुष्यात त्याची तपासणी करता येते. त्याची श्रद्धा बदलत असताना त्याच्या कामाचे काय झाले, हे वर्षांनिशी पाहता येते. रमाबाईंचे आयुष्य या तपासणीसाठी विलक्षण उपयोगी आहे. त्यांच्या संस्थांचा क्रम पाहिला तर मला एकच निष्कर्ष दिसतो: त्यांची श्रद्धा जसजशी खोल गेली तसतसे त्यांच्या घराचे दार रुंद होत गेले.

सुरुवातीचे दार अरुंद होते, आणि ते जाणून घेतल्याशिवाय पुढचा बदल कळत नाही. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई कोणत्याही पंथाच्या पूर्ण ताब्यात गेल्या नाहीत. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्या वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून भांडत राहिल्या. अमेरिकेत १८८७ साली त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बोस्टनला उभ्या राहिलेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कामाला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. पुस्तकाच्या नावाप्रमाणेच सदनाचा रोखही मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांकडे होता. तिथे धर्मोपदेश होणार नाही, मुलींचे सोवळे-ओवळे, व्रत-उपास सांभाळले जातील, अशी हमी होती. म्हणून तर रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात बसली. त्या काळात केशवपनाच्या भीतीने घरच्या अंधाऱ्या खोलीत कोंडल्या गेलेल्या विधवेला पाटी-पेन्सिल देणे हेच धाडस होते. तरीही हे घर एका ठरावीक थरासाठी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या अंतर्यामी मोठा पालट झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. पाच-सहा वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, मदतछावण्या आणि रस्ते धुंडाळले आणि उपासमारीने खंगलेल्या, फसवल्या जाण्याच्या टोकावर उभ्या असलेल्या बायका-मुलींना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावातली, आधी फळबागेसाठी घेतलेली जमीन कामी आली आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती २,००० च्या घरात गेली. इथे जात विचारून कोणाला परत पाठवले गेले नाही. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाऊ लागले, म्हाताऱ्यांची सोय झाली. आणि कृपा सदन नावाचा एक स्वतंत्र विभाग निघाला तो फसवल्या गेलेल्या, समाजाने ओवाळून टाकलेल्या स्त्रियांसाठी. फुलॅमला पाहिलेले ते घर केडगावच्या माळावर उभे राहायला पंधराहून अधिक वर्षे लागली. शारदा सदनाच्या नियमांत या स्त्रियांना जागाच नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, दार रुंद झाले ते श्रद्धेने नव्हे, दुष्काळाने. परिस्थितीच तशी होती. यात तथ्य आहे. दुष्काळ आला नसता तर एवढा जमाव केडगावात लोटला नसता. रमाबाईंना भुकेची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती, हेही खरे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली होती आणि भावाबरोबर अनवाणी देश तुडवला होता. पण दुष्काळ फक्त भूक समजावून सांगतो, कृपा सदन समजावून सांगत नाही. भुकेलेल्याला अन्न देणारे हात नेहमीच अधिक असतात. जिच्याशी संबंध जोडला तर देणगीदारांत आणि शेजाऱ्यांत आपलीही अब्रू जाईल अशा स्त्रीला घरात घेणारे हात थोडे असतात. शिवाय पाऊस परतला, छावण्या उठल्या, तरी अंधांचा वर्ग आणि कृपा सदन उठले नाही. संकटातून निघालेले काम संकटाबरोबर ओसरते. ते टिकते तेव्हा त्याच्या मुळाशी दुसरे काहीतरी असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. असल्या कामाला ख्रिस्ती श्रद्धाच कशाला हवी? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ साली, म्हणजे रमाबाई फुलॅमला जाण्याच्या वीस वर्षे आधी. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यांनी कोणताही नवा धर्म स्वीकारला नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आपल्या देशात असे काम कोणी केलेच नाही, ही फुलॅमच्या वेळची रमाबाईंची समजूत अपुरी होती. सत्कृत्यांवर कोणत्याही धर्माची मालकी नाही. पण माझे म्हणणे मालकीचे नाहीच. फुल्यांच्या कामामागे त्यांचा सत्यधर्म होता, कर्व्यांच्या कामामागे त्यांची निष्ठा होती, तसे रमाबाईंच्या कामामागे ख्रिस्ताचे अनुकरण होते. ते वजा केले तर त्यांच्या कामाची दिशा कळेनाशी होते. खुद्द फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ साली कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. या प्रवाहांचे पाणी एकमेकांत मिसळत होते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष होते. १८९३ मध्ये सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत बसतात हे उघड झाले, ‘केसरी’ने कडाडून टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले. प्रार्थनेच्या वेळी आपण दार उघडे ठेवतो, कोणाला बोलावत नाही, असा रमाबाईंचा बचाव होता. तो प्रामाणिक होता असे मी मानतो, तरी पुरेसा होता असे म्हणता येत नाही. आधार देणाऱ्या बाईच्या उघड्या दारापुढे बारा वर्षांची निराधार मुलगी किती मोकळ्या मनाने निवड करणार? मुक्ती सदनात तर ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जात असे आणि तिथल्या असंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. म्हणजे ज्या श्रद्धेने आत येण्याचे दार रुंद केले तिनेच आतली हवा एकाच धर्माची केली. या दोन्ही गोष्टींचे मूळ एक आहे आणि हिशेबात दोन्ही मांडल्या पाहिजेत. मात्र आमिष हा शब्द मला चुकीचा वाटतो. आमिष टाकणारा सावज हाती लागले की थांबतो. रमाबाईंनी मुलींना शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई शिकवली. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई कोणाच्याही ताब्यात राहत नाही, आणि हे रमाबाईंना चांगले ठाऊक होते.

छापखान्याचे काम जरा जवळून पाहिले की ही गोष्ट स्पष्ट होते. देवनागरीचे खिळे जुळवणे कष्टाचे काम. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांची गर्दी असलेल्या खणांतून जुळाऱ्याने एकेक खिळा अचूक उचलायचा आणि उलटी अक्षरे वाचत ओळ बांधायची. जिने कालपर्यंत अक्षर पाहिले नव्हते तिच्या हाती हे कसब आले की ती वाचक होते, कारागीर होते. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले, कारण प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळणार नाही असे त्यांचे मत होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तोवर भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले होते. त्या ग्रंथाचे खिळे मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळवले. योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची ती स्त्री त्या पानांवर मराठीत बोलू लागली, आणि तिचे शब्द एकेक अक्षर करून मांडणाऱ्या बोटांत अशी बोटे होती ज्यांना पूर्वी कोणी पाणीही मागितले नसते.